मुक्कामाचा पाहुणा

ज्येष्ठ महिना लागला की परभणी जिल्ह्यातील गावांना दिंड्यांचे वेध लागतात. शेगावहून निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी औंढा नागनाथ, जवळा बाजार ही गावे मागे टाकून या जिल्ह्यात प्रवेश करते आणि परभणी, दैठणा, गंगाखेड असे टप्पे घेत परळीच्या दिशेने पुढे जाते. तिच्या मागेपुढे इतरही लहानमोठ्या दिंड्या चालत असतात. मोठ्या पालखीची व्यवस्था मोठी असते. शाळा, मंगल कार्यालये, मंदिरांची आवारे तिच्यासाठी सज्ज केली जातात. लहान दिंड्यांतील वारकऱ्यांना मात्र पुष्कळ ठिकाणी गावकऱ्यांच्या ओसरीचाच आधार असतो. संध्याकाळी चार वारकरी दारात उभे राहतात, घरातील माणसे त्यांच्या पायांवर पाणी घालतात आणि त्या घराची ती रात्र नेहमीच्या रात्रीपेक्षा वेगळी होते.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे नेहमीची पायी वारी निघू शकली नाही. त्या वेळी वारकऱ्यांप्रमाणेच वाटेवरील यजमानांनाही चुकल्याचुकल्यासारखे झाले. पाहुणा येणे ही घराचीही गरज असते, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले.

मुक्कामाचा पाहुणा केवळ वारीतच येतो असे नाही. लग्नसराईत सोयरेधायरे येतात. जिल्हा रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचे नातलग शहरातील ओळखीच्या घरी रात्रीपुरते टेकतात. परीक्षेसाठी किंवा मुलाखतीसाठी खेड्यातील मुले-मुली आदल्या दिवशी मुक्कामाला येतात. २ फेब्रुवारीपासून परभणीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो, तेव्हा सर्व धर्मांचे भाविक लांबून येतात आणि शहरातील अनेक घरे पाहुण्यांनी भरून जातात. परभणीविषयी 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असे एक जुने वचन आहे. त्याचा अर्थ कोणी कसाही लावो. कोठेच जमले नाही तर येथे निभाव लागेल, असा विश्वास त्यात आहे एवढे निश्चित.

हा विश्वास टिकवायचा तर पाहुण्याला जेवू घालणे पुरेसे नाही. त्याची रात्र सुखाची गेली पाहिजे. त्यासाठी फार खर्च लागतो असेही नाही. थोडा पूर्वविचार आणि घरातील कामाची योग्य वाटणी एवढे जमले तर दोन खोल्यांच्या घरातही पाहुण्याला स्वस्थ झोप लागते.

परंपरेचा धागा

'अतिथी' या शब्दाचा रूढ अर्थ ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही असा मनुष्य. अतिथीला देवासमान मानण्याची शिकवण तैत्तिरीय उपनिषदातील शिक्षावल्लीत आढळते. गुरुगृहातील अध्ययन संपवून संसारात पाऊल टाकणाऱ्या शिष्याला दिलेल्या उपदेशाचा तो भाग आहे. घर चालविण्याच्या शिक्षणातच पाहुणचाराचे शिक्षण अंतर्भूत होते, असा याचा अर्थ.

मराठवाड्यातील जुन्या घरांच्या रचनेतही हा विचार दिसतो. वाड्याच्या मुख्य दाराशीच ढाळज असे. वाटसरूला, निरोप्याला, उशिरा आलेल्या पाहुण्याला घरातील माणसांची अडचण न होता तेथे बसता येई आणि वेळ पडल्यास पाठही टेकता येई. पाहुण्याला घरात जागा होती, तशीच घरच्या माणसांची खाजगी जागाही सुरक्षित होती. आज माळवदाची घरे कमी झाली, ढाळज गेली आणि सिमेंटची आटोपशीर घरे आली. जागा आक्रसली, तथापि पाहुण्याला थोडा आडोसा आणि घरच्यांना थोडी मोकळीक हवी, ही गरज पूर्वीइतकीच आहे.

याच जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते. ज्या नामदेवांच्या घरी त्या राहिल्या त्या नामदेवांचे नर्सी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात असले, तरी १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. संतांचा राबता असलेल्या घरात जनाबाई दळणकांडण करीत आणि विठ्ठल त्यांना दळू लागे, ही कथा घरोघर ठाऊक आहे. पाहुणचाराच्या दृष्टीने त्या कथेतील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या घरी माणसांची वर्दळ असते, त्या घरी कोणाला तरी रात्र उलटेपर्यंत जात्याशी बसावे लागते. आणि देवाला सर्वांत आधी आठवण झाली ती त्या बसलेल्या बाईची. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

पाहुणा मागत नाही

पाहुण्याला निजावयास जागा दाखविल्यानंतर बहुतेक घरांत एक वाक्य हमखास उच्चारले जाते : "काही लागलं तर सांगा." हे वाक्य मनापासून म्हटलेले असते. परंतु अनुभव असा आहे की, पाहुणा सांगत नाही. रात्री तहान लागली तर तो सकाळपर्यंत थांबतो. थंडी वाजली तर अंगावरची चादर दुहेरी करून घेतो. पंख्याचे बटण सापडले नाही तर उकाड्यात पडून राहतो. घरातील माणसे दमून झोपली आहेत, त्यांना उठवावे कसे, हा संकोच त्याला आवरून धरतो.

हा संकोच हीच मुक्कामी पाहुण्याची खरी अडचण होय. म्हणून पाहुणचाराचा पहिला नियम असा सांगता येईल की, पाहुण्याला जे मागावे लागेल, ते त्याने मागण्यापूर्वीच त्याच्या हाताशी असावे. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काढून त्याला चार गोष्टी प्रत्यक्ष दाखवाव्यात : पिण्याचे पाणी कोठे आहे, शौचालय आणि न्हाणी कोठे आहे, दिव्याचे व पंख्याचे बटण कोणते आणि दाराची कडी कशी काढावयाची. उशाशी झाकण ठेवलेला पाण्याचा तांब्या व पेला आणि जवळच एक विजेरी असावी. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो आणि अनोळखी घरात अंधारात उंबरठ्याला ठेच लागते.

पाहुण्याची सकाळ कशी असणार, हेही रात्रीच विचारून घ्यावे. गाडी किती वाजता आहे, अंघोळीला ऊन पाणी लागते काय, सकाळी चहा घेतात की दूध, एखादे औषध वेळेवर घ्यावयाचे आहे काय, असे प्रश्न सहजपणे विचारल्यास पाहुण्याला उत्तर देणे सोपे जाते. "काय हवे?" असे विचारले तर तो "काही नको" असेच म्हणतो. "पाणी कोमट देऊ की गार?" असे विचारले तर तो निवड सांगतो.

पाणी आणि शौचालय

सर्वांत अवघड संकोच शौचालयाचा असतो. ज्या घरात शौचालय नाही, किंवा आहे पण ते सरपण, कडबा वा अडगळ ठेवण्यासाठी वापरले जाते, त्या घरी मुक्कामाला आलेल्या स्त्रीची रात्र कशी जाते याचा विचार फारसा केला जात नाही. अशा वेळी पुष्कळ स्त्रिया सायंकाळपासून पाणी पिणेच कमी करतात. उन्हाळ्यात, दिवसभराचा प्रवास करून आल्यानंतर पाणी न पिता काढलेली रात्र प्रकृतीला घातक ठरू शकते. मूत्रमार्गाच्या विकारांचे ते एक कारण आहे. ताटातील पक्वान्नांनी ही उणीव भरून निघत नाही.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात ग्रामीण कुटुंबांना शौचालयासाठी प्रोत्साहनपर अनुदान देण्यात आले आणि गावोगावी शौचालये उभी राहिली. त्यापूर्वी राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने या कामाला चालना दिली होती. आता प्रश्न आहे तो त्यांच्या नित्य वापराचा. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय असल्यास एक खड्डा भरल्यावर दुसरा वापरात घ्यावयाचा आणि पहिला निदान वर्षभर बंद ठेवावयाचा, म्हणजे त्यातील मैल्याचे खत होते, ही माहिती घरातील प्रत्येकास असावी. पाहुणा येणार असल्यास आत भरलेली बादली, मग आणि हात धुण्यासाठी साबण ठेवावा. दाराची कडी आतून नीट लागते काय, हे यजमानाने स्वतः तपासावे. कडी न लागणारे दार हे दार नसल्यासारखेच होय. तेथे दिवा असावा. स्त्री पाहुणी असल्यास वापरलेले सॅनिटरी पॅड टाकण्यासाठी झाकणाची लहान डबी व जुनी वर्तमानपत्रे ठेवावीत आणि घरातील स्त्रीने ते तिला हळूच सांगावे.

पाण्याचा हिशेबही वेळीच मांडला पाहिजे. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज किमान ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरण्यात आले आहे. चार पाहुणे एक दिवस राहिले तर घराची गरज याच प्रमाणाने सव्वादोनशे लिटरच्या आसपास वाढते. ज्या गावात नळाला दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येते, तेथे हे पाणी आयत्या वेळी मिळत नाही. कोणाला तरी हंडे वाहावे लागतात. पाहुणे येणार हे ठाऊक असल्यास आदल्या पाण्याच्या पाळीलाच साठा वाढवावा. पिण्याचे पाणी वेगळ्या, झाकलेल्या भांड्यात ठेवावे आणि ते लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. प्रवासाने थकलेल्या माणसाचे पोट लवकर बिघडते. पाण्याविषयी शंका असेल तर ते गाळून, उकळून, निववून द्यावे. एखाद्या पाहुण्यास जुलाब सुरू झालेच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे थोडे देत राहावे आणि आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा. येथे चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा समजावा.

अंथरूण, ऊन आणि थंडी

परभणीचा उन्हाळा कडक असतो आणि हिवाळाही बोचरा असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, तर डिसेंबर-जानेवारीत थंडीच्या लाटेत तो १० अंशांच्या पुष्कळ खाली उतरतो. कोकणातून किंवा मुंबईहून आलेल्या पाहुण्यास या दोन्हींची सवय नसते. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीपेक्षा ओसरी किंवा गच्ची बरी. परंतु पहाटे वारा गार होतो म्हणून पायथ्याशी एक पांघरूण असू द्यावे. हिवाळ्यात घरची वाकळ किंवा गोधडी उत्तम ऊब देते. मात्र ती पाहुणा येण्यापूर्वी दिवसभर उन्हात टाकलेली असावी. वर्षभर गाठोड्यात बांधलेल्या पांघरुणाचा कुबट वास झोप येऊ देत नाही. खोली बंद करून शेगडी पेटवून झोपणे जिवावर बेतू शकते. कोळशाच्या धुराचा विषारी वायू झोपेतच घात करतो.

हवा गार करण्यासाठी मराठवाड्यात लोखंडी कूलर सर्रास वापरला जातो. त्याच्या पत्र्यात वीज उतरून अपघात घडतात. कूलरला योग्य अर्थिंग असावे आणि पाणी भरताना वीजपुरवठा बंद करून पिन काढून ठेवावी, ही सूचना घरातील मुलांना आणि पाहुण्यांनाही द्यावी. कूलरमधील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी कोरडी करावी. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो.

पावसाळ्यात आणखी एक दक्षता घेणे आवश्यक आहे. पाहुण्यांची संख्या वाढली की काहींचे अंथरूण जमिनीवर पडते, आणि पुष्कळदा ते लहान मुलांचे किंवा घरच्याच माणसांचे असते. मण्यार हा विषारी साप रात्री वावरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसास झोपेत चावण्याच्या घटना घडतात. त्याच्या दंशाची खूण कित्येकदा दिसतही नाही. पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळण्यास व श्वासास त्रास होणे अशी लक्षणे मागाहून दिसतात. म्हणून शक्य तितक्यांना बाजेवर किंवा पलंगावर झोपवावे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचाव्यात. दाराखालची फट जुन्या कापडाने बुजवावी. सरपणाचा ढीग व धान्याची पोती झोपण्याच्या जागेपासून दूर असावीत. दंशाची शंका आल्यास चिरा देणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. सर्पविषावरील लस हाच त्यावर उपाय आहे.

ताटातील आग्रह

जेवणाच्या बाबतीत या भागात आग्रहाची कमतरता कधीच नसते. परंतु आग्रह आणि आपुलकी एकच नव्हेत. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या पाहुण्याला गोड वा खारट पदार्थ नाकारताना यजमानाचे मन मोडल्यासारखे वाटते आणि तो मुकाट्याने खातो. त्याचा परिणाम रात्री दिसतो. एकदा विचारावे आणि मिळालेले उत्तर मानावे.

पाहुण्यासाठी बाजारचे पदार्थ आणलेच पाहिजेत असेही नाही. येथील रब्बी ज्वारीची चुलीवरची भाकरी, वरण, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, सकाळी धपाटे किंवा चुरमुऱ्यांचा सुशीला हे पदार्थ दुरून आलेल्या माणसाला अप्रूपाचे वाटतात. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने विकसित केलेले ज्वारीचे 'परभणी मोती' आणि भेंडीचे 'परभणी क्रांती' हे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. आपल्या शिवारात जे उत्तम पिकते ते पाहुण्याच्या ताटात वाढण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ठेचा मात्र बाजूला वाढावा. तिखटाची सवय नसलेल्या माणसाची त्यात परीक्षा पाहू नये. प्रवासाहून उशिरा आलेल्या पाहुण्याला रात्री हलके अन्न द्यावे, आणि पहाटे निघणाऱ्याच्या हाती चटणी-भाकरीची शिदोरी द्यावी.

घरातल्या बाईचा विसावा

आता जनाबाईंच्या जात्याकडे पुन्हा वळावयाचे. पाहुण्यांचे स्वागत घर करते असे म्हटले जाते. प्रत्यक्षात पुष्कळ घरांत ते एकटी स्त्री करते. पाणी भरणे, स्वयंपाक, वाढणे, उष्टी-खरकटी, अंथरुणे आणि पहाटे पुन्हा चूल हे सर्व तिच्याकडे असते. पाहुणे झोपल्यावर ती जेवते आणि पाहुणे उठण्यापूर्वी ती उठते. कित्येकदा पाहुण्यांना बोलावण्यापूर्वी तिला विचारलेले नसते. पाहुण्याप्रमाणेच तीही संकोचाने काही मागत नाही. "मी दमले" असे म्हटले तर पाहुणा जड झाला असा अर्थ काढला जाईल, याची तिला धास्ती असते.

याचा परिणाम पाहुण्यालाही जाणवतो. स्वयंपाकघरातील आदळआपट ऐकू येत असता कोणालाही घास गोड लागत नाही. म्हणून पाहुणचाराची कामे घरात वाटून घेतली पाहिजेत. पाणी भरणे व अंथरुणे घालणे पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी करावे. पाहुण्यांना पाण्याची व शौचालयाची जागा दाखविण्याचे काम शाळकरी मुले आनंदाने करतात. पाहुण्यांबरोबर घरातील सर्वांनी एकाच पंगतीला बसावे, म्हणजे वाढणारीचे जेवण मागे राहत नाही. भांडी घासण्यासाठी उठलेल्या पाहुणीला एकदा "राहू द्या" म्हणावे आणि तरीही ती उठली तर तिला करू द्यावे. सोबतीने काम करताना परकेपणा लवकर जातो. निमंत्रण देण्यापूर्वी घरातील स्त्रीचे मत घ्यावे. ज्या घरी हे होते, तेथे पाहुणा दुसऱ्यांदा यावयास कचरत नाही.

पाहुण्याचेही काही कर्तव्य असते. येण्याची व जाण्याची वेळ आधी कळविणे, घरच्या माणसांच्या वेळा सांभाळणे, पाणी जपून वापरणे आणि निघताना आपले अंथरूण घडी करून ठेवणे हे त्याने करावे. 'एक दिवस पाहुणा, दोन दिवस पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई' ही म्हण जुन्या लोकांनी अनुभवातूनच केली. अपवाद फक्त आजाऱ्याच्या नातलगांचा. रुग्णालयात त्यांचे माणूस असताना त्यांना दिवस मोजावयास लावू नयेत. त्यांना गप्पांची आणि मेजवानीची गरज नसते. वेळीअवेळी उघडणारे दार, डब्यात भरलेली भाजी-भाकरी आणि दोन तास अखंड झोप एवढे मिळाले तरी त्यांना मोठा आधार होतो.

उंबरठा सर्वांसाठी

पाहुणचाराची थोरवी सांगताना एक कटू सत्य विसरून चालणार नाही. आपल्याकडे शतकानुशतके पाहुण्याची जात पाहून त्याची जागा ठरत असे. कोणी माजघरात, कोणी ओसरीवर, कोणी अंगणात, तर कोणी गावाबाहेर. चोखोबांच्या भक्तीचा महिमा गाणाऱ्या पंढरीतही त्यांच्या समाजाच्या यात्रेकरूंना निवारा मिळत नसे. ही वेदना ओळखून संत गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधविली. स्वतः संसार सोडून खराटा हाती घेतलेल्या या पुरुषाने इतरांच्या मुक्कामासाठी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या आणि स्वतःसाठी खोली ठेवली नाही.

भारतीय संविधानाच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमानुसार धर्मशाळा, सराई, पाणवठे यांत अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे हा गुन्हा आहे. कायदा सार्वजनिक जागेचे दार उघडू शकतो. घरातील वेगळा पेला आणि वेगळी सतरंजी मात्र घरच्यांनीच बाजूला करावयाची असते. मुलांच्या शाळेतील मित्र, शेजारच्या वस्तीतील सहकारी, दुसऱ्या धर्माचा शेतकरी यांना त्याच भांड्यातून पाणी आणि त्याच पंगतीत जेवण मिळते, हे ज्या घरातील मुले पाहतात, त्यांना समतेचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

गावाचा पाहुणा

काही पाहुणे एका घराचे नसतात. ते संपूर्ण गावाचे असतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरासाठी आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी, निवडणुकीच्या आदल्या रात्री मतदान केंद्रावर पोहोचलेले कर्मचारी आणि दिंडीतील वारकरी यांचा मुक्काम बहुधा शाळेत किंवा सभागृहात असतो. तेथे यजमान कोण, हे स्पष्ट नसल्याने गैरसोय होते. शाळेच्या शौचालयाला कुलूप आणि किल्ली दुसऱ्या गावी, टाकी कोरडी, खोलीत दिवा नाही, असे प्रसंग टाळता येण्यासारखे आहेत. ग्रामपंचायतीने अशा प्रत्येक मुक्कामासाठी एका सदस्यास व एका शिक्षकास जबाबदार नेमावे. पाणी, दिवे, शौचालयांची स्वच्छता, स्त्रियांसाठी स्वतंत्र व आतून बंद होणारी खोली आणि आरोग्य सेविकेचा दूरध्वनी क्रमांक या पाच गोष्टींची पाहणी पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी करावी.

पाहुणचारातून चार पैसे मिळविण्याचा मार्गही आता खुला आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. शेतावर राहावयास येणाऱ्या पर्यटकांच्या निवासाची व भोजनाची सोय करणाऱ्या शेतकऱ्यांना त्यानुसार नोंदणी करता येते. हिवाळ्यातील हुरडा, गोदावरीचा काठ, चारठाण्याची प्राचीन मंदिरे, जिंतूरजवळील नेमगिरीची जैन लेणी आणि येलदरीचा जलाशय या गोष्टी या जिल्ह्याजवळ आहेतच. परंतु पैसे देऊन आलेला पाहुणाही अनोळखी घरात संकोचतोच. स्वच्छ शौचालय, उशाशी पाणी आणि आतून लागणारी कडी या साध्या गोष्टी ज्याच्या घरी पाहुण्यांसाठी आधीपासून होत्या, त्याला हा व्यवसाय नव्याने शिकावा लागणार नाही.

निघताना

मराठी घरातून निघताना कोणी "जातो" असे म्हणत नाही. "येतो" असे म्हणतो. पुन्हा येण्याचे ते आश्वासन असते. ते उपचारापुरते होते की मनापासून, हे त्याची रात्र कशी गेली यावर अवलंबून असते. पाहुणा किती पदार्थ जेवला हे तो काही दिवसांत विसरतो. पण परक्या घरी मध्यरात्री जाग आली, हात लांब केला आणि पाण्याचा तांब्या हाताला लागला, हे त्याला आठवत राहते. कारण आपण झोपल्यावरही कोणीतरी आपला विचार केला होता, हे त्याला त्या क्षणी कळलेले असते.

दैठण्याच्या किंवा गंगाखेडच्या ओसरीवरून पहाटे उठलेला वारकरी पताका खांद्यावर घेतो, घरच्यांच्या पाया पडतो आणि पुढच्या मुक्कामाला निघतो. त्याच्या मागे ओसरी झाडून घेणारी बाई रात्री वेळेवर जेवलेली आणि पुरेशी झोपलेली असेल, तर त्या घराचा पाहुणचार पूर्ण झाला असे म्हणता येईल.